हासळी

पाटीवर अजून सासऱ्यांचं नाव, खाली 'आणि सन्स'.
सन एकच होता. त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली.
शहाद्यात सगळे म्हणतात, विसपुत्यांची घडण.
कोणत्या विसपुत्यांची, हे कुणी विचारत नाही,
आणि मी सांगावं तर तोंडात फुंकणी असते.

भोंगऱ्याला नऊ दिवस राहिले तेव्हा
तोरणमाळाकडची जामटी आली,
पदराची गाठ सोडून हासळी ठेवली, म्हणाली, मोड.
एकीच्या दोन कर. नाती दोन आहेत.

साडेअडतीस तोळे भरली. केली तेव्हा चाळीस होती;
दीड तोळा मानेनं खाल्ला.

उलटी केली.
आतल्या अंगाला, डाव्या टोकाशी,
एक ठोका तिरका.
बाकीचे कणसातल्या दाण्यांसारखे ओळीनं,
हा एकटा रांग सोडून.

ओळखला मी.
नवऱ्याला दोन महिने झाले होते.
बाहेरून कुणीतरी विचारलं होतं,
"दुकानमा मानूस नही का कोनी?"
आणि हातोडी घसरली.
उत्तर दिलं नाही तेव्हा. चांदी निवत होती.

मूस तापली. टाकणखार टाकला.
जामटी उंबऱ्यावर डाळ्या खात बसली,
एक डोळा माझ्या हातावर. बरोबरच आहे.
सोनार आईच्या डागिन्यातही खातो म्हणतात.
सोनारीण काय खाते, याची अजून म्हण झालेली नाही.

टोकं आधी ओघळली, मग मधला बाक.
तिरका ठोका बराच वेळ दिसत राहिला,
मग नुसतं हलणारं पाणी.

कांब ओतली, दोन तुकडे केले,
तीन दिवस ठोकत होते. मनगट हल्ली रात्री बोलतं.
जळगावहून ठसे विकायला येणारा पोरगा सांगून गेला,
मावशी, डायवर तासाला वीस निघतात,
सगळ्या एकसारख्या.
निघत असतील.

धाकटीची झाल्यावर
आतून, डाव्या टोकाशी,
श्वास धरून एक ठोका तिरका मारायला गेले.
सरळच बसला.
चाळीस वर्षांचा हात, ऐकत नाही.
दुसऱ्यांदा जमला.

जामटीनं दोन्ही समोर तोलून घेतल्या,
आतून बोट फिरवलं.
इथं काहीतरी लागतंय.
लागेल, म्हटलं, आठ दिवस.

मग मजुरीत पन्नास कमी कर म्हणाली.
केले नाहीत.