वेलांटी

तीस वर्षं भांडुपच्या पालिका शाळेत
मी चुकलेल्या वेलांटीचा अर्धा गुण कापत आले.
मुलं कुरकुरायची, बाई, एवढंसं काय त्यात.
एवढंसंच असतं, म्हणायचे मी.
दिन उगवतो. दीन हात पसरतो.

लॅबवाल्यानं बाटलीवरच्या पट्टीवर लिहिलं
शैलजा व्ही. रेडकर.
त्याच मंगळवारी, त्याच टेबलावर, दुसऱ्या बाटलीवर
शैलजा व्ही. रेडकर.
मी विनायकची, ती वसंतची.
मराठीत लिहिलं असतं
तर 'वि.' आणि 'व.' यांच्यामध्ये
एक वेलांटी आडवी आली असती,
उंबऱ्यात धरलेल्या काठीसारखी.
इंग्रजीला नवऱ्यांमधला फरक कळत नाही.

डॉक्टर धुमाळे सज्जन होते. हे मी शपथेवरही सांगितलंय.
कागद बघून म्हणाले, उशीर नको.
गाठ पुन्हा एकदा चाचपायला हात लागतो,
त्यांच्या हातात कागद होता.
सोमवारी माझी डावी बाजू गेली.

काढलेल्या भागाचा अहवाल तीन आठवड्यांनी आला.
कुठेच काही सापडलं नाही.
विनायक म्हणाले, देवाची कृपा, वेळेत निघालं सगळं.
मी वाक्य पुन्हा वाचलं. सवय.
'कुठेच' म्हणजे कुठेच.

आता वांद्र्याला, ग्राहक आयोगात, तिसऱ्या मजल्यावर
आमच्या बिलिमोरिया बाई हिशेब मांडतात.
ऑपरेशन. खोली. येण्याजाण्याची रिक्षा.
ब्लाउजच्या आत घालायची सिलिकॉनची भर,
साडेचार हजार, पावती जोडली आहे.
मानसिक त्रासाचा आकडा तुम्हीच सांगा, म्हणाल्या.
मी काय सांगणार?
मी जन्मभर शंभरापैकी गुण दिले.

त्यांचा वकील तरुण आहे, गंध लावतो.
तक्रारदार निवृत्त, सबब उत्पन्नाची हानी नाही.
वय वर्षं एकसष्ट. शिवाय सदर अवयवाचा, म्हणाला,
आणि पाणी प्यायला.
सदस्यबाईंनी पेन खाली ठेवून
बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.
मग त्याला पुढची तारीख दिली.

तर त्या पुढच्या तारखेला
शिपायानं पुकारलं, शैलजा रेडकर.
मी उठले.
मागच्या बाकावरचे एक गृहस्थही उठले,
काखेत माझ्या नावाची फाइल.
बोर्डावर मी बारा नंबर, ती तेरा.
ती नव्हती.

जिन्याखालच्या चहावाल्यापाशी आम्ही उभे राहिलो.
विक्रोळी, कन्नमवार नगर. बेस्टमध्ये कंडक्टर होते.
बोलताना कागदाच्या कडा अंगठ्यानं जुळवत होते.
गाठ वाढत होती हो, म्हणाले,
मी म्हणायचो, परत दाखवू.
ती म्हणायची, रिपोर्ट आहे ना.
मी लिंबू लावून बघितलं, हळद लावून बघितली.
रिपोर्ट आहे ना.
दिवाळीच्या आधी गेली.

चहावर साय धरली.
तुमचं दुखतं का अजून, त्यांनी विचारलं.
मी हो म्हणाले. तिथे काही नाही, तरी तिथेच दुखतं.
त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊक होतं.

मग फाइलमधून एक झेरॉक्स काढली.
मूळ प्रत आयोगात आहे, म्हणाले. ही तुमची.
शैलजा व्ही. रेडकर. कर्करोगाची लक्षणं नाहीत.
देवापुढे ठेवला होता आम्ही हा, कुंकू लावून.
कुंकवाचा डाग झेरॉक्समध्ये काळा आला होता.
अर्धा किलो पेढे वाटले अख्ख्या मजल्यावर.

मी तो कागद घेतला.
काय म्हणतात अशा वेळी, मला शब्द सापडेना.
पेढे कुठले होते, एवढंच विचारलं.

स्टेशनबाहेरचे, म्हणाले.
केशरी.
तिला साधे आवडत नसत.