पाणी जड आहे, आधीच सांगते

खोली दाखवताना बिराजदारबाई म्हणाल्या,
भाडं तीन हजार, लाइट वेगळी,
आणि पाणी जड आहे, आधीच सांगते.
मी भिलवडीची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली.
पाण्याला वजन असतं हे मला
घागरीपुरतंच ठाऊक.

बदली जतला. एप्रिल.
पहिल्या आठवड्यात साबणाला फेसच येईना,
बादलीत नुसती नासलेल्या दुधासारखी साय.
केसांचा काथ्या झाला.
तूरडाळ आठ शिट्ट्यांनंतरही दाणा न् दाणा उभी,
पेन्शनच्या दिवशी काउंटरसमोर माणसं उभी असतात तशी.
पेल्यावर जिथे थेंब सुकेल तिथे पांढरा शिक्का.
दिवसभर शिक्के मारून मी घरी यायचे,
तर घरात कुणीतरी आधीच मारून ठेवलेले.

बोअर चारशे साठ फूट.
"वरच्या तीनशे फुटांत नुसता फुफाटा," बाई सांगत.
"एवढा खडक चाटत वर येतंय बिचारं,
रिकाम्या हातानं कसं येईल?"

हळूहळू हात शिकले.
डाळीत चिमूटभर खायचा सोडा, झाकण लावायच्या आधी.
तांब्याच्या कळशीला चिंच.
नळाच्या तोंडाला पिळलेलं लिंबू
रबरबँडनं बांधून रात्रभर.
शॉवरची चाळणी व्हिनेगरच्या वाटीत.
प्यायचं पाणी उकळायचं, निवू द्यायचं,
आणि तळ न हलवता वरचं वरचं ओतून घ्यायचं,
झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं.
फोनवर आई विचारायची, जेवलीस का.
जिन्यात बाई विचारायच्या, शिजली का.

डिसेंबरात गिझर गप्प झाला.
रमजान नदाफ आला, टाकी उघडली आणि हसला.
आत कॉइल नव्हतीच.
होतं एक पांढरं वारूळ.
"आठ महिन्यांत एवढं? आणि तुमच्यात माणूस एकच?"
पान्ह्याच्या मागच्या बाजूनं ठोकलं, कपच्या उडाल्या.
एक उजेडात धरली त्यानं.
थरावर थर: करडा, पांढरा, करडा,
मध्येच गंजाची तांबूस रेघ.
"मे महिन्यात मोटर जळालेली ना? ही ती."
एकही नोंद चुकली नव्हती.

कपच्या त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या.
त्या कुठे गेल्या, मी विचारलं नाही.

मग मिरजेहून सॉफ्टनरवाला आला.
निळी टाकी, आत मधाच्या रंगाचे मोहरीएवढे दाणे.
आठवड्याला दोन किलो मीठ लागेल म्हणाला.
"पाणी मऊ करायला मीठ?" बाईंनी चष्मा वर केला.
"मीठ पाण्यासाठी नाही हो, दाण्यांसाठी.
पाण्यातला दगड दाणे धरून ठेवतात,
मीठ त्यांना धुऊन काढतं."
"आणि धुतलेलं कुठं जातं?"
त्यानं परसाकडे नळी दाखवली.
बाई त्याच्याकडे नाही,
कढीपत्त्याकडे बघत राहिल्या.
"राहू दे," म्हणाल्या.

मी तीन दिवस धुसफुसले.
हप्ते मीच भरणार होते.
कढीपत्ता काय, बाजारात दहाला जुडी मिळते.
चौथ्या दिवशी गिझरचा आकडा खाली केला,
फार तापवलं की फार जमतं, रमजान सांगून गेला होता,
आणि कॅलेंडरवर लिहून ठेवलं: मार्च, कॉइल.

त्या रविवारी लवकर जाग आली.
खाली बाई सडा घालत होत्या, बोअरच्याच पाण्याचा.
मग डब्यातून चिमूट घेऊन ठिपके टाकू लागल्या.
रांगोळी नेहमीपेक्षा करडी होती,
थोडी भरड.
"बाई, हे..."
"तुमच्या गिझरातलं. खलबत्त्यात कुटलं,
धोतराच्या फडक्यातून गाळलं. काय वाईट आहे?"

नऊ ते नऊ ठिपके. एक ओळ वाकडी गेली,
तशीच ठेवली त्यांनी.
दहापर्यंत दूधवाल्याच्या गाडीनं अर्धी नेली.
उरलेलीवर संध्याकाळी बादली पडली
आणि ती मातीत उतरली, परत,
चारशे साठ फुटांपैकी
पहिलं बोटभर.