करंगळी

यंत्राने माझा अंगठा नाकारला.
पुन्हा ठेवा, तो मुलगा म्हणाला. ठेवला.
पुसून ठेवा. पदराला पुसला, ठेवला.
लाल दिवा.
एकोणीस वर्षं काजूच्या टरफलांचं तेल
या बोटांवरून गेलं,
जाताना रेघा घेऊन गेलं.

डिचोलीत, बसस्टँडमागे, पतसंस्थेच्या माडीवर
फक्त बुधवारी उघडणारी ही खोली.
दोन खुर्च्या माणसांना, तिसरी फायलींना,
भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
त्याच्यावर फोन नंबर लिहून ठेवलेत म्हणून
अजून उतरवलेलं नाही.
इथं कामाचं बघतात, हे मला सांगितलं
मासळीवालीनं, सुटे पैसे परत देताना.
फॅक्टरीला टाळं लागून तेव्हा अडीच महिने झालेले,
आणि मी सौंदाळे की तारले
यावरच केव्हाची उभी.

नातालिनबाय चष्म्यावरून बघते.
"काय काय येतं?"
काही नाही, मी म्हणते.
"काही नाही असा रकाना नाही गे बाय."
मग विचारते, दिवसाला किती किलो?
बी न मोडता किती?
न बघता ओळखायचीस, अख्खी, पाकळी, तुकडा?
मी म्हणते, ते काय, अंधारातसुद्धा.
ती लिहिते. लिहीतच राहते.
माझ्याबद्दल इतकं कुणी लिहिलं नव्हतं,
लग्नपत्रिकेतसुद्धा मी
अर्ध्या ओळीत आटपले होते.

"पंपाच्या मोटारी भरायला शिकशील?
तांब्याची तार, वेढे मोजून घालायचे.
तीन महिने. बसभाडं देतात.
नोकरी लागेलच असं मी म्हणत नाही,
खोटं बोलायचा मला पगार नाही."
मला हसू फुटतं. किती दिवसांनी, आणि कुठं.

एकच विचारते, हळू,
त्या मुलाला ऐकू जाणार नाही असं:
तिथं बायकांना... सोय आहे?
ती पेन खाली ठेवते.
माझ्यासमोरच वर्कशॉपला फोन लावते.
"संडास आहे? बायकांचा वेगळा? कडी लागते आतून?"
खाली पतसंस्थेत पैसे मोजणारे
नक्की चुकले असतील.

मग माझा हात ओढून घेते.
तिचाही अंगठा तसाच, गुळगुळीत, शिंपीसारखा.
"वाळपई. नऊ वर्षं," एवढंच म्हणते.
"कुठलं बोट बीला लागत नव्हतं?"

करंगळी. डावी.
सगळी बोटं राखेत बुडायची तेव्हा
ही बाजूला, ओटीवर बसलेल्या पाहुणीसारखी.
दिवसातून एकदा वर व्हायची तेवढीच,
चाळिशीच्या बाईची, शाळेतल्या पोरीसारखी,
मुकादमाकडे बघत.
तो आधी घड्याळ बघायचा.
कधी मान हलवायचा, कधी नुसतंच घड्याळ.
ओटीपोटात कळ धरून मी
पुढची टोपली ओढायचे.
डॉक्टर म्हणाला, पाणी कमी पिता का?
काय सांगणार, कमीच पीत होते.

तीच करंगळी ठेवली काचेवर.
यंत्र थोडं घुटमळलं.
हिरवा.

"सोमवारी साडेआठला. डबा आण,
आणि पाणी पी पोटभर," नातालिनबाय म्हणाली,
आणि पुढच्या बाईचा कागद ओढला.

जिन्यात एक माणूस वर येत होता,
खाणीवर ट्रक चालवणारा असावा,
कागद छातीशी, मूठ मिटलेली.
मी कडेला सरकले.
सांगितलं, जपून,
तिसरी पायरी हलते.