ळ

कुपवाडला पहिली पाळी सुटली की
कंपनीच्या मशीनपाशी मी हात धुते
आणि घरी येऊन माझ्या मशीनवर परत काळे करते.
कंपनीचं लाखांचं आहे,
त्याला गार पाण्याची धार, वर्षाचा करार, साहेबाची सही.
माझं भावाच्या गिरणीमागं, पत्र्याखाली.
अॅल्युमिनियमच्या चार पट्ट्या,
मिरजेच्या भंगारातला स्क्रू,
मुठीएवढ्या तीन मोटारी:
एक्स दिवाळीच्या बोनसात, वाय संक्रांतीला,
झेड अजून उधारीवर.
ड्रायव्हरांवर शाळूचं पीठ बसतं. रोज ब्रशनं झाडायचं.

मोटारीला माहीत नसतं ती कुठं आहे.
तिला एवढंच ठाऊक, सांगितलं तेवढं चालले.
दोनशे पावलांचा फेरा.
लाकडात गाठ आली, बिट अडलं, पाऊल हुकलं
तरी ती पुढचंच मोजते,
हुकलेलं धरून.
खोटं बोलत नाही बिचारी.
तिला परत कुणी विचारलेलंच नसतं.

बाबगोंडा मगदूम, रिटायर फिटर,
स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला लावून ऐकतात.
"रडाय लागलीया गं ही. एकदम पळवतीस कशाला?
आधी चालव, मग पळव,
थांबायच्या आधी परत चालव.
बैलाला बी असंच लागतंय."
मी प्रवेग निम्म्यावर आणला,
करंटचा चिमुकला स्क्रू केसभर उलटा फिरवला.
मोटारीवर बोट ठेवलं. चटका नाही, नुसती ऊब,
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळासारखी.

पहिली ऑर्डर दारावरच्या पाटीची.
शिराळकर. सागवान. तीनशे रुपये.
शिरोरेघ म्हणजे वायची सुट्टी,
एकटा एक्स सरळ निघून जातो.
क निघाला, र निघाला, शि नं थोडं छळलं.
पण ळ!
त्यात कुणालाच सुट्टी नाही.
एक थांबत येते तेव्हा दुसरी ऐन भरात,
एक परत फिरते
आणि फिरते तिथंच, स्क्रू आणि नटाच्या मध्ये,
सात शतांश मिलिमीटरची मोकळीक.
मोटार वळलेली, टेबल अजून जागेवर.
तेवढ्यात गोलाला टेच पडते.

पहिला ळ बटाटा.
दुसऱ्याच्या पोटात खाच.
तिसरा निम्मा झाला आणि लाईट गेली.

अंधारात आम्ही दोघं चहा प्यालो.
लाईट आली तेव्हा मशीनला काही म्हणजे काही आठवेना.
घरी जा, म्हटलं.
एक्स मागं मागं सरत कोपऱ्यातल्या बटणाला टेकला, टक्.
मग वाय, टक्.
इथनं पुढं शून्य.
ळ कुठं सोडला होता ते मलाच माहीत,
फळीच्या कडेला सुईनं टोचलेलं एक टिंब होतं
आणि त्या टिंबापासनं मोजलेलं वहीत.
बिट खाली आलं. लाकडाला लागलं.
मगदूमकाका डोळे मिटून होते, का ते विचारलं नाही.

तोही फसलाच. पण फरक कळला.
डायल लावून मोकळीक मोजली, तीनदा,
आणि मशीनला लिहून दिलं:
वळशील तिथं सात शतांश जास्तीचं जा.
मोकळीक गेली नाही. हिशोबात आली.

चौथ्यावर काकांनी नख फिरवलं.
"हितं हाय अजून."
व्हय, म्हटलं, हाय.

शिराळकरबाई आल्या. पाटी हातावर तोलली,
सोनेरी रंग का नाही म्हणाल्या,
पन्नास रुपये कमी दिले.
बटाट्यासारखा तो पहिला ळ
आता मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली आहे, फिट्ट बसलाय.
बाई दारातनं परत फिरल्या,
बहिणीलाही एक हवी म्हणे, पलूसला असते.
आडनाव विचारलं.
मुळीक.