पुढच्या खणात डोळे

बुधवारी पहिली शिफ्ट सुटली की
उद्यमबागेतून सायकलनं कॅम्पात येते,
नखांत कटिंग ऑइल, साबणाला न जुमानणारं.
फुर्टाडो टीचर आधी माझे हात हुंगतात,
मग पियानोचं झाकण उघडतात.

दर वेळी नवं पान, कधी न पाहिलेलं.
आज सुरुवातीलाच चार बेमोल
(त्यांचा शब्द. मी मनात कोमल म्हणते)
आणि डाव्या हाताला
उजव्यापेक्षा वेगळंच काही सांगायचंय.
"अर्धा मिनिट बघ. मग सुरू.
चुकलीस तर चुकलीस, मागं फिरायचं नाही."

मागं फिरायचं नाही!
माझा तर पगारच मागं फिरण्याचा:
बुश मोजायचा, पुसायचा, पुन्हा मोजायचा,
दोन मायक्रॉन जास्त, की लाल डब्यात.
इथं लाल डबा नाही.
चुकीचा सूर भिंतीवरच्या येशूपर्यंत जातो
आणि तोवर पुढचा खण दारात उभा.

तिसऱ्यांदा खाली पाहिलं तेव्हा
टीचरनी माझ्या बोटांवर
कालचा कन्नड पेपर धरला.
"आता बघ कुठं बघतेस."

मथळा दिसला, आणि आठवला तो फलाट.
मराठी शाळेतली मी, बसच्या पाटीसमोर:
खा… ना… पु…
'र'ला पोचेपर्यंत
बस खानापूरच्या वाटेला लागलेली.
पुढं कधीतरी कळलं,
अक्षरं वेचत बसायचं नसतं.
गर्दीत मावशी चालीवरून ओळखावी
तसा शब्द लांबूनच ओळखायचा
आणि पळत सुटायचं.

तसे आता हे काळे घोस.
काही ओळखू येतात, नाव न घेता हात पडतो.
काही अजून परके, चष्मा पुसायला लावणारे.
भाऊ विचारतो, "काय बडवूलालीस गे तिथं जाऊन?"
त्याला काय सांगू, अजून मलाच
दुसऱ्या पानापलीकडचं माहीत नाही.

आणि दुसऱ्या पानावरच वीज गेली.
बोटं थांबली नाहीत.
डोळ्यांनी एक खण आधीच उचलून ठेवला होता,
तेवढा अंधारात वाजला,
चारही कोमल जागच्या जागी.
मग कागद संपल्यासारखी शांतता.
लांब पलटणीकडं बिगूल.

टीचर मेणबत्ती शोधताना
खुर्चीला अडखळल्या, काहीतरी कोकणीत पुटपुटल्या,
आणि कपाटाशी उभ्या राहून म्हणाल्या,
"एकच खण?
पुढच्या बुधवारी दोन."