चिमटीत येईल एवढी कड

इद्रियाची पाऱ्याची खाण केव्हाच बंद पडली,
आता खाली काळोख आणि वर लेस विणणाऱ्या बायका.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी
आम्ही मोडीत निघालेल्या लॅपटॉपांत लिनक्स घालतो
आणि येईल त्याला देतो.
फुकट नव्हे, मुक्त, असं मी प्रत्येकाला बजावतो.
बरं, आल्बिना म्हणाली. पण हे धरायचं कुठून?

मी खुर्ची तिच्या मागे ओढली.
ठरवलं होतं, तासभर तोंड उघडायचं नाही,
हात तर मुळीच पुढे करायचा नाही.

तिने खिडकी मोठी करायला घेतली.
बाण कडेशी नेला, पलीकडे गेला.
मागे आणला, अलीकडे राहिला.
केसाएवढ्या दोऱ्याला पन्नास वर्षं वळवणारी बोटं,
त्यांनी एका पिक्सेलपुढे हात टेकले.
ती कड माझीच.
किती नाजूक, म्हणून तिघांनी माझी पाठ थोपटली होती.

पान खाली सरकवायची पट्टी अंग चोरून बसलेली,
भाडं मागायला कुणी आलं की
दिवा मालवणाऱ्या भाडेकरूसारखी.

तिने एक बटण दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं. पुन्हा.
चौथ्यांदा जोरात, समोरचा बहिरा असावा तसं.
मग चार खिडक्या एकदम उघडल्या
आणि ती त्यांची माफी मागू लागली.

कोपऱ्यात काहीतरी उजळलं,
तिचा चष्मा नाकावर येईतो विझलं.
काय म्हणत होतं?
मलाही वाचता आलं नव्हतं.

मग यंत्राने किल्ल्यांच्या जुडग्याचा पासवर्ड मागितला.
कुठला जुडगा, म्हणत तिने खरंच पर्स उघडली:
तळघराची किल्ली, सायकलची,
आणि भावाच्या घराची, जे कधीच विकलं गेलं.
मी हसलो नाही. हसू आलंच नाही.

लेसचे नमुने तिला टेबलावर मांडायचे होते.
नाही मांडता येत, मी शेवटी बोललोच,
इथे टेबल कोरं ठेवायची पद्धत आहे.
मग टेबल कशाला म्हणता त्याला?

लिंडनचा चहा निवत होता.
तिने पिशवीतून आपली गोल उशी काढली, मांडीवर घेतली.
हे बघ. सुटू नये तिथे टाचणी,
आणि मी उपटेपर्यंत ती हलत नाही.
दोरा बारीक, पण बॉबिन बोटाएवढी जाड.
बारीक काम करायचं तर धरायला जाड लागतं, बाबा.
आणि हे ऐक:
लाकडावर लाकूड टक्कन वाजलं,
मान वर न करता कळतं, टाका पडला.

पुस्तकाच्या पावतीमागे मी लिहीत गेलो,
निरोप टाचून ठेव, दाबलं की ऐकलं म्हण,
कड
आणि पुढे जागा संपली. तिथे तिने
माझ्याच पेनाने एक जाडजूड बॉबिन काढली.

रात्री बसलो. रेघ होती तेवढीच ठेवली,
फक्त तिच्या दोन्ही अंगांना
न दिसणारे आठ आठ पिक्सेल दिले,
पकडायला.
माझं काम तपासणारा ग्राझचा ओट्मार विचारतो,
किती जणांची मागणी आहे ही?
एक, मी लिहिलं.
थोड्या वेळाने आणखी लिहिलं:
बाकीचे मागत नाहीत,
लॅपटॉप कपाटात ठेवून देतात.
त्याचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. घेतो, एवढंच.

नोव्हेंबरात आल्बिना आली, कोट न काढताच बसली,
खिडकीची कड धरली, हवी तेवढी ओढली
आणि दोरा किती महागला ते सांगू लागली.
मी वाट पाहत राहिलो.
कडेचा विषयच निघाला नाही.
तिच्या लक्षातही आलं नव्हतं
की काही बदललंय.
मी भलताच खूश.

दारात मात्र वळली.
तो जुडगा, म्हणाली,
अजून मागतोय रे.