लाल चांदणीचा रकाना

मुलचेऱ्यात माझं सेवा केंद्र आहे, टिनाचं.
एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला बंगाली मिठाई.
तिथल्या माशा येऊन माझ्या स्कॅनरवर बसतात.

सोमवारी चपला मृधा आली.
हरिनगरहून पायी, नऊ किलोमीटर.
पिशवीत प्लास्टिकची पिशवी,
तिच्यात आणखी एक, तिच्यात कागद.

एका कागदावर मृधा, एकावर मिर्धा.
मासेमारी सोसायटीच्या जुन्या पावतीवर मृदा,
म्हणजे माती.
म्हटलं, आजी, ह्या तर तीन बाया झाल्या.
ती म्हणाली, मग तिघींना लाव ना पगार.

पगार म्हणजे निराधारचे दीड हजार.
नवरा कधीच गेला.
पोरगा तेलंगणात मिरची तोडायला,
त्याचं नाव मतदार यादीत, कारण तो इथं जन्मला.
मायचं नाही.

कोणत्या साली आल्या तुम्ही?
तिनं साल नाही सांगितलं.
म्हणाली, तलावाची पाळ फुटली
अन् मरळ मासा चुलीपर्यंत आला, ते वरीस.
तारखेच्या चौकोनात मी मरळ भरून पाहिली असती,
पण त्याला आकडेच चालतात, तेही आठ.

आधी आले त्यांना सरकारनं आणलं होतं,
माना कॅम्पातून ट्रक भरभरून.
त्यांना जमीन मिळाली, रजिस्टरात ओळ मिळाली.
ही मागून आली, कडेवर लेकरू,
हातात देराच्या पत्त्याची चिठ्ठी.
रजिस्टर तोवर मिटलं होतं.
ते लेकरू इथं आठच दिवस जगलं.
हे तिनं सांगितलं, मी कुठं लिहिलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

सरपंच म्हणतो, आमचीच आहे जी म्हातारी,
गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर झाली,
पण लिहून नाही देऊ शकत.

मग आला लाल चांदणीचा रकाना.
जन्मस्थान.
खुलना, ती म्हणाली, बाजाराच्या घाटावरून
होडीनं अर्धा दिवस.
मी 'खुल' टाइप केलं,
तर यादीनं खुलताबाद पुढं केलं.

मी दाराकडं पाहिलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत होता.
म्हटलं, आजी, मुलचेरा टाकते.
कोणाले काय कळते? एका टिचकीचं काम.

ना, मा.
माझी आई तिथं तीन दिवस अडली होती, माझ्यासाठी.
दीड हजारासाठी तिला इकडं कशी आणू?
मिथ्या नको लिहू.

मी माउसवरचा हात काढला.

माझ्या भावाची फाइल गडचिरोलीत पडून आहे.
पन्नास सालाआधीचा कागद द्या, म्हणतात,
तुम्ही गोंड असल्याचा.
आजोबा शाळेत गेले नाहीत, कोतवालाच्या वहीत नाहीत.
आम्ही तर कुठूनच आलो नाही.
इथंच होतो, मोहाखाली.
हे मी तिला सांगितलं नाही. तिचं दुःख मोजायला
माझी मापटी काढणं बरं दिसलं नसतं.

तिनं वर्तमानपत्रात बांधलेली सुकी मासळी
टेबलावर ठेवली. घेणार नाही म्हटलं,
तर ती म्हणाली, तुला नाही, तुझ्या आईला.
पीक विम्यावाला आत आला, नाक धरून मागं फिरला.

मी फॉर्म बंद करायला गेले तर कॉम्प्युटरनं विचारलं,
भरलेली माहिती पुसायची?
नाही दाबलं. मसुदा म्हणून राहिला,
अशा अकरा मसुद्यांच्या खाली.

पावती दे, ती म्हणाली.
न गेलेल्या अर्जाची पावती निघत नाही.
तिला ते पटलं नाही. उभी राहिली.
शेवटी मी अर्धवट फॉर्म छापला,
जन्मस्थान कोरं,
खाली माझ्या केंद्राचा शिक्का मारला, जरा तिरपा.

तिनं तो उजेडात धरून पाहिला,
शाई वाळेपर्यंत फुंकला,
मग सगळ्यात आतल्या पिशवीत ठेवला,
मृदाच्या पावतीला लागून.